बेंचवरची प्रार्थना

“मिस्टर साळवे, तुमच्या सीव्हीत जावाचा दोन वर्षांचा अनुभव दिसतोय. त्याबद्दल सांगा.”

स्पीकरफोनवर अमेरिकेहून मार्गारेटबाई बोलत होत्या. तिथल्या एका विमा कंपनीच्या प्रोजेक्टसाठी त्या पुण्यातून माणसं निवडत होत्या. माझ्या शेजारी आमचे मॅनेजर लिमये बसले होते. जावा ही तेव्हा चलती असलेली प्रोग्रॅमिंगची भाषा. मला येत होती कोबोल, जुन्या, मोठ्या कॉम्प्युटरांची भाषा. जावाशी माझी ओळख कंपनीच्या एका ट्रेनिंगपुरती. ती दोन वर्षं ऑफिसातच कोणीतरी घातली होती. सीव्ही पाठवण्याआधी मला दाखवायची पद्धत नव्हती.

“ते चुकीचं आहे, मॅडम,” मी म्हणालो. “मी कोबोलवर काम केलंय. जावा अजून शिकतोय.”

पलीकडून ‘थँक यू’. लाइन बंद.

लिमये खुर्चीत मागे रेलले. “साळवे, कन्फेशन चर्चमध्ये करायचं असतं. इथे इंटरव्ह्यू चालू होता.”

“सर, आम्ही प्रोटेस्टंट. आमच्या चर्चमध्येही तसं कन्फेशन नसतं.”

“मग इथेच का सुचलं?”

यात माझ्या श्रद्धेचा वाटा निम्माच होता. उरलेला निम्मा भीतीचा. पुढचा प्रश्न आला असता तर मी तसाही उघडा पडलो असतो. काही असो, प्रोजेक्ट गेला आणि मी पुन्हा बेंचवर आलो.

बेंच म्हणजे खरोखरचं बाकडं नव्हे. सॉफ्टवेअर कंपनीत ज्याच्या हाती प्रोजेक्ट नाही, तो बेंचवर. पगार मिळतो, कार्ड पंच करता येतं, कॅन्टीनमध्ये जेवण मिळतं, फक्त काम नसतं. वायटूकेच्या काळात, म्हणजे सन २००० उजाडण्याआधी जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायची घाई होती तेव्हा, कोबोलवाल्यांना घरून उचलून आणत होते. ते काम संपलं, पाठोपाठ अमेरिकेतला बाजार बसला, आणि आम्हीच नकोसे झालो. बेंचवरच्या कोणाकोणाला काढायचं त्याची यादी निघणार, अशी कुजबुज रोज व्हायची. माझी बायको शीला सातव्या महिन्यात होती. घरात कमावणारा मी एकटा.

दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही नाना पेठेत रणपिसेबाईंकडे प्रार्थनेला जायचो. बाई निवृत्त मेट्रन. जेमतेम दहा-बारा माणसं मावतील एवढी खोली. आधी साक्षी व्हायच्या, म्हणजे त्या आठवड्यात देवाने आपल्यासाठी काय केलं ते ज्याने त्याने उभं राहून सांगायचं. मग विनंत्या, म्हणजे कशासाठी प्रार्थना हवी ते सांगायचं. साक्षींत कोणाच्या मुलाचं लग्न ठरायचं, कोणाची गाठ साधी निघायची. मी साक्षीच्या वेळी चपलांकडे बघत बसायचो आणि विनंतीच्या वेळी उभा राहायचो.

“तुमची विनंती आता सगळ्यांना पाठ झालीये, साळवे,” एकदा बाई म्हणाल्या. “काही फरक?”

“नाही.”

“मग चालू ठेवते.”

त्या दिवशी मात्र माझा तोल सुटला. सगळे गेल्यावर मी म्हणालो, “बाई, मी खरं बोललो. माझ्या वाटचं मी केलं. आता देव त्याच्या वाटचं कधी करणार?”

“तो काय तुमचा क्लायंट आहे? बिल पाठवलंत आणि वाट बघत बसलात?” बाई पातेलं घासता घासता म्हणाल्या. “मी उभा जन्म वॉर्डात काढला. ताप उतरवणं आपल्या हातात नसतं, साळवे. कपाळावरची पट्टी ओली ठेवणं असतं. ती वाळू दिली म्हणजे देवावर भरवसा ठेवला, असं होत नाही.”

मला राग आला. घरी जाताना शीलाला म्हणालोही, “यांना पेन्शन आहे, यांचं काय जातंय!” ती हसली नाही. “पण तू बेंचवर दिवसभर करतोस काय?” एवढंच तिने विचारलं.

पेपर वाचायचो. खरं सांगायचं तर शब्दकोडं सोडवायचो.

दुसऱ्या दिवशी बेंचवरच्याच वानखेडेला गाठलं. अमरावतीचा मुलगा, जावा पक्कं, पण फोनवर इंग्रजी बोलताना त-त-प-प व्हायचं. त्यामुळे तीन इंटरव्ह्यू गेले होते. दर मंगळवारी ऑफिसला येण्याआधी तो दगडूशेठ गणपतीला जाऊन यायचा. त्याने मला जावा शिकवायचं, मी त्याच्याकडून इंटरव्ह्यूची तयारी करून घ्यायची, असं ठरलं. तो इतकं सोपं करून शिकवायचा, की मला माझ्या कॉलेजच्या प्राध्यापकांची कीव यायला लागली. प्रोजेक्ट मिळत नव्हता, पण सकाळी उठून ऑफिसला जावंसं वाटायला लागलं. देवाशीही माझं बोलणं जरा बरं झालं. जाब विचारणं कमी झालं.

मग यादी निघाली. एकेकाला एचआरच्या केबिनमध्ये बोलवत होते. फोन वाजला की सगळ्यांच्या माना वळायच्या. माझ्या टेबलाशी फोनऐवजी लिमये स्वतः आले.

“साळवे, तुमच्या मार्गारेटबाईंनी तुम्हाला मागितलंय.”

“मला?”

“आपण पाठवलेल्या जावावाल्यांना त्यांचा कोबोलमधला जुना प्रोग्रॅम वाचताच येईना. बाई विचारत होत्या, तो कोबोलवाला अजून आहे का? मी म्हटलं, आहे, जाणार कुठे!”

मनातल्या मनात ‘प्रभू, तुझे आभार’ म्हणेपर्यंत पलीकडच्या टेबलावर फोन वाजला. वानखेडेचा.

“सर, वानखेडेलाही घ्या. जावा त्याला माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं येतं.”

“त्यांनी एकच मागितलाय,” लिमये म्हणाले. या वेळी त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

वानखेडे केबिनमधून बाहेर आला आणि खोक्यात सामान भरू लागला. “साळवेभाऊ, तुमचा देव पावला. लेकराचं नीट होईल आता,” तो म्हणाला. “माह्यं पाहू पुढं.” प्रार्थना त्यानेही केली होती. मेहनत तर माझ्याहून जास्त केली होती.

गुरुवारी मी साक्षीला उभा राहिलो. सगळं सांगितलं. लोकांनी ‘आमेन’ म्हटलं, शीलाने डोळे पुसले. मी मात्र खाली बसू शकलो नाही.

“एक विनंती आहे,” मी म्हणालो. “वानखेडेच्या नोकरीसाठी.”

“कुठल्या चर्चचे ते?” मागून कोणीतरी विचारलं.

“चर्चचा नाही. दगडूशेठला जातो.”

“असू दे,” रणपिसेबाई म्हणाल्या. “पहिलं नाव सांगा, म्हणजे प्रार्थनेत घेता येईल.”

त्यानंतर मला मुलगी झाली, मार्गारेटबाईंकडचं काम वाढलं, आणि दर गुरुवारी मी वानखेडेसाठी उभा राहत गेलो. स्वतःसाठी थांबताना मी कुरकुर केली होती. त्याच्यासाठी थांबताना ती होईना, कारण मध्ये मध्ये त्याला फोन करून इंटरव्ह्यूची तयारी करून घ्यायची असायची. बऱ्याच महिन्यांनी लोणी काळभोरच्या एका कॉलेजात त्याला शिकवायची हंगामी नोकरी लागली. पुढे तो तिथेच कायम झाला. मला आधी आणि त्याला नंतर का, याचं उत्तर मला मिळालेलं नाही.

नोकरीपुरतं सांगायचं तर आपला सीव्ही बाहेर जाण्याआधी भांडून का होईना, मागून घ्यावा आणि वाचावा. आणि आपलं काम झालं म्हणून प्रार्थना लगेच आटपू नये. शेजारच्या टेबलावरचा अजून बेंचवरच असतो.