अक्का इथे राहत नाहीत

चामराजपेटच्या बसथांब्यावर एकदा मी अक्काला भर गर्दीत हाक मारली, “अक्का, कुठे निघालीस?” तिच्या हातात पिशवी होती, पायात नव्या चपला होत्या आणि तिची बस समोर येऊन उभी राहिली होती. सांडलेल्या दुधाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. “कुठे नाही. घरी,” म्हणाली आणि वळली. धर्मस्थळाचा प्रवास तिथेच संपला. मी पिशवी उचलून मागोमाग चाललो. तेव्हा मी चाळिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप होतो. पण घर येईपर्यंत मला तोंड उघडायची परवानगी मिळाली नाही. मग तिने कॉफी केली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “सगळ्यांना सांगून निघालं की सगळ्यांचे डोळे पिशवीत भरून न्यावे लागतात रे. केवढं ओझं ते.”

अक्का माझी आत्या. वडिलांच्या पाठची बहीण. लग्न केलं नाही, सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर चामराजपेटच्या एका बोळातल्या दोन खोल्यांत एकटी राहिली. अख्खा बोळ तिला अक्का म्हणायचा, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. आमचं घराणं या कानडी गावात इतकं जुनं, की आम्ही मराठी बोलतो यावर पुण्याहून आलेल्या माझ्या बायकोचा, माधवीचा, लग्नानंतर बरेच दिवस विश्वास बसत नव्हता. अक्का तिला म्हणायची, “स्वल्प सवय होऊ दे, मग तुझं मराठी आम्हाला कळेल.”

प्रवास गुपचूप करायचा हा अक्काचा नेमच होता. निघताना कुणाला सांगायची नाही; परतली की प्रसाद वाटायची, त्यावरून ती कुठे गेली होती ते कळायचं. बोळानेही ही सवय अंगवळणी पाडून घेतली होती. कुणी तिची चौकशी करत आलं तर आधी “नाही” म्हणायचं, हे तिनेच शिकवलेलं. विमावाले, लांबचे नातेवाईक, लग्न जुळवणारे, सगळे तिथूनच परत जात. या खात्याची प्रमुख नागम्मा. ती बोळाच्या तोंडाशी फुलं विकायची आणि रोज सकाळी अक्काला हातभर मोगऱ्याची माळ द्यायची. त्यातली अर्धी देवाला, अर्धी अक्काच्या केसांत. अक्का पंचाहत्तरीच्या पुढे गेली तरी केसांत फूल नाही असं तिला कुणी पाहिलं नव्हतं.

अक्काचा धाकटा भाऊ मस्कतला असायचा. धाकट्या भावाला कन्नडमध्ये तम्मा म्हणतात. आमच्या घरात ते त्याचं नावच होऊन बसलं होतं. काकू पूर्वीच गेलेली, मुलगा तिथेच नोकरीला. दोन वर्षांपूर्वी तम्माकाकाचं यकृत बिघडलं. डॉक्टरांनी विमानप्रवासाला नाही म्हटलं. मुलाने मला फोन केला. मी ते अक्काला कसं सांगावं याची वाक्यं जुळवत चामराजपेटला गेलो. ती तांदूळ निवडत होती. माझी जुळवलेली वाक्यं तिने अर्ध्यावर थांबवली. “तो येऊ शकत नाही. म्हणजे मला जायला पाहिजे. सरी, ठीक आहे. माझ्या पासपोर्टाची मुदत कधी संपली ते बघ.”

ती संपून बरीच वर्षं झाली होती. शिवाय जुन्या पासपोर्टावर आमच्या वडिलांच्या घराचा पत्ता होता, तो बदलायचा होता. मी म्हटलं, तत्काळमध्ये अर्ज करू. अक्काने मान हलवली. “घाई दाखवलीस की नडतं. साधाच कर. आणि बोळात कुणाला बोलू नकोस.” पासपोर्ट केंद्रात तिने बोटांचे ठसे दिले, फोटोसाठी चष्मा काढला आणि केसांतली माळ मागे लपवायला लावणाऱ्या मुलीला म्हणाली, “फुलासकट काढ, बाळ. माझा भाऊ मला फुलाशिवाय ओळखणार नाही.” ती मुलगी हसली. मीही हसलो. काम झालंच असं मला वाटलं.

मग वेबसाइट उघडून बघण्याचे दिवस सुरू झाले. पोलिसांची चौकशी बाकी आहे, एवढंच रोज दिसायचं. मी ते पान इतक्यांदा उघडायचो, की ऑफिसातली पोरं विचारायची, “सर, स्कोअर काय?” मस्कतहून तम्माकाका बोलायचा; आवाज बारीक होत चालला होता. “अक्का, येतेस ना?” एवढंच विचारायचा. ही “हो” म्हणायची आणि फोन माझ्या हातात द्यायची.

एके दिवशी पान बदललं. पोलिसांचा अहवाल प्रतिकूल. मी पासपोर्ट कचेरीत धावलो. खिडकीमागच्या गृहस्थाने शांतपणे वाचून दाखवलं: अर्जदार या पत्त्यावर राहत नाहीत. मी म्हटलं, ती तिथे वीस वर्षं राहते. तो म्हणाला, “शेजाऱ्यांनीच सांगितलंय सर. दोघांनी.”

मी सरळ बोळात गेलो. नागम्मा माळ ओवत होती. पोलीस आले होते का, विचारलं, तर तिची छाती अभिमानाने भरून आली. “आला होता ना. अक्का भजनाला गेल्या होत्या. कागद दाखवून विचारतो, या बाई इथे राहतात का, परदेशी जाणार आहेत का. मी ओळखलं, कुणीतरी अक्कांना कसल्यातरी भानगडीत अडकवतंय. आपल्या अक्का कुठल्या परदेशी? मी म्हटलं, त्या इथे राहत नाहीत, कधीच्या गेल्या. त्याला खरं वाटेना, म्हणून समोरच्या टेलरला हाक मारली. तोही म्हणाला, दोन वर्षं झाली.”

टेलरने दुकानातून मान डोलावली. ज्या बाईने यांना हे शिकवलं होतं, ती मागून भाजीची पिशवी घेऊन येऊन उभी राहिली होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी चिडून म्हणालो, “नागम्मा, अगं काका तिकडे…” आणि अक्काने माझा दंड असा धरला, की वाक्य घशातच राहिलं. “माझ्या भावाला बघून यायचंय, एवढंच,” ती नागम्माला म्हणाली. “काही घाई नाही. तू बरोबर केलंस. मीच सांगायला पाहिजे होतं.”

पुन्हा चौकशीसाठी अर्ज दिला. तोच पोलीस पुन्हा आला. या वेळी नागम्मा धुतलेली साडी नेसून आणि टेलर गळ्यात टेप घालून साक्षीला उभे होते. पोलीस म्हणाला, “मागच्या वेळी तुम्हीच ना सांगितलं, राहत नाहीत म्हणून?” नागम्मा म्हणाली, “तेव्हा नव्हत्या. आता आहेत.” तो बिचारा हसून सही करून गेला. पण ते कागद वर जायला, छपाई व्हायला आणखी दिवस लागले. तेवढे दिवस तम्माकाकाजवळ नव्हते.

तो पहाटे गेला. पासपोर्ट त्याच आठवड्यात आला. पोस्टमनने बेल वाजवली तेव्हा मी तिथेच होतो. अक्काने सही केली, पाकीट उघडलं नाही, कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं. मग आरशासमोर उभी राहिली आणि नागम्माने सकाळी दिलेली माळ केसांत खोवू लागली.

दहा दिवसांचं सुतक होतं. सुतकात देवपूजा नाही, फूल माळणं तर नाहीच. आमच्याकडे हे कडक. माधवी न राहवून म्हणाली, “अक्का, हे चालतं का तुम्हाला?”

“नाही माळलं तर नागम्मा विचारेल कोण गेलं. सांगितलं तर ती दिवस मोजत बसेल. पोलीस कधी आला, तम्मा कधी गेला. जन्मभर मोजेल ती.” अक्काने पिन लावली. “तम्माला चालेल. देवाचं मी बघून घेईन.”

ते दहाही दिवस ती फूल माळून बोळाच्या तोंडापर्यंत जायची, नागम्माशी दोन शब्द बोलायची, घरी येऊन माळ काढायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. देवाच्या वाट्याच्या अर्ध्या माळा टाकवत नव्हत्या, म्हणून स्वयंपाकघरात एका ताटात ठेवलेल्या असायच्या, एकीवर एक, पिवळ्या पडत गेलेल्या. अकराव्या दिवशी तिने त्या तुळशीच्या मातीत पुरल्या. नागम्माला सांगितलं, गुडघे दुखतात, मस्कतचं रहित केलं. “तम्मा काय म्हणाले?” नागम्माने विचारलं. “म्हणाला, सावकाश ये.”

त्यानंतर दीड वर्ष अक्का नागम्माला भावाची खुशाली सांगत राहिली. त्याला सून आली, त्याच्या घरी बाग केली, त्याची खोकल्याची तक्रार कमी झाली. माझ्यासमोरही सांगायची, आणि मी मान डोलवायचो. सांगताना तिचा चेहरा असा निवळायचा, की हे सगळं नागम्मासाठीच चाललंय की थोडं तिच्या स्वतःसाठीही, हे मला कधी विचारता आलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात अक्का गेली. झोपेतच. बोळातली सगळी माणसं आली. नागम्माने त्या दिवशी फुलं विकली नाहीत, सगळी टोपली अक्काच्या अंगावर पसरली. अंत्यविधीहून परतल्यावर तिने मला बाजूला घेतलं. डोळे सुजलेले. “भावाला कळवलं ना? त्यांना तर यायला जमणार नाही.”

“कळवलं,” मी म्हणालो.

“काय म्हणाले?”

मी नको तिकडे बघू लागलो. घसा खाकरला, रुमाल शोधला. माधवी पुढे झाली आणि तिने नागम्माचा हात हातात घेतला. आपल्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये म्हणाली, “फार रडले. मग म्हणाले, नागम्मा आहे ना तिथे, तिला जपा.”

नागम्माने पदराने डोळे पुसले, मान हलवली आणि दर शनिवारी फुलं न्यायला या म्हणाली. अक्कांच्या देवाला आता कोण घालणार, तुम्हीच घाला. देव आम्हीच घरी नेणार होतो. मी हो म्हटलं.

आम्ही सर्जापूर रोडला आमच्या घरी पोचलो. खाली गाडी लावली, मी किल्ली काढली, तेव्हा माधवी म्हणाली, “तुला खोटं नीट बोलता येत नाही. शनिवारी जाशील तेव्हा काकांची तब्येत कशी आहे, ते घरून ठरवून जा.”