दिघे मास्तरांचा मतदारसंघ

दिघे मास्तर वर्गात शिरले की आधी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवत. त्या काळच्या आमच्या लष्कर शहरात बोडक्या डोक्याने शिकवणारा दुसरा मास्तर नव्हता. हेडमास्तरांनी टोकलं तर म्हणायचे, "टोपी दरबारासाठी. इथे तर मुलंच आहेत." मी शेजारच्या वर्गात संस्कृत शिकवायचो. मधली भिंत पातळ, त्यामुळे रामः रामौ रामाः म्हणता म्हणता त्यांचा अर्धा इतिहास मलाही पाठ झाला.

त्यांचा लाडका विषय भलताच होता. विलायतेत एक मतदारसंघ निघाला, त्याने दोन-चार निवडणुका पाहिल्या, मग नव्या आखणीत तो शेजारच्यात विरून गेला. एवढ्याशा जिवाची कहाणी मास्तर आठवडाभर सांगत. तिथल्या जमीनदाराचा पुतण्या कसा पडला, हे तर चवीने. मी एकदा चिडवलं, "अहो, संस्थानात तुम्हाआम्हाला मत नाही, आणि तुम्ही साहेबाच्या मेलेल्या मतदारसंघाचं सुतक कसलं धरून राहिलात?"

"मेला, पण जन्माला तरी आला ना? आपला अजून पोटातही नाही," मास्तर म्हणाले.

आमच्या शाळेत मॉनिटर घराणं बघून नेमत. त्या वर्षी मास्तरांनी वर्गालाच मतदारसंघ ठरवलं आणि मुलांना हात वर करायला लावले. एकीकडे सरदारांचा बाळासाहेब, दुसरीकडे दाल बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाचा रामदीन. रामदीन निवडून आला. मास्तरांनी त्याचं नाव फळ्यावर ठळक लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सरदारांकडून निरोप आला आणि हेडमास्तरांचं धाबं दणाणलं. माझ्यादेखत ते म्हणाले, "दिघे, ते नाव पुसा, बाळासाहेबांचं लिहा. नाहीतर मला तुम्हाला काढावं लागेल. घरात लग्नाच्या मुली आहेत, विचार करा."

"बिलकुल नाही. साहेबाने मतदारसंघ मोडला, पण झालेला निकाल फिरवला नाही. तुम्ही मला काढा, हवं तर वर्ग मोडा. नाव मी पुसणार नाही."

मास्तरांची नोकरी त्याच दिवशी गेली. हजीरा मोहल्ल्यातलं त्यांचं बिऱ्हाड आवरताना मी म्हटलं, "थोडं नमतं घेतलं असतं तर?"

"मग पोरांसमोर कुठल्या तोंडाने उभा राहू?" म्हणाले, आणि वळकटीची दोरी आवळू लागले. मास्तर उज्जैनला गेले, ते परत आले नाहीत.

त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. फळा स्वच्छ पुसलेला होता. हेडमास्तर जातीने दारात उभे होते. त्यांनी मुलांना बजावलं, "आजपासून मॉनिटर बाळासाहेब. चला, उभे राहा."

बाळासाहेब बसूनच राहिला.

"मी तर हरलोय, सर," तो म्हणाला. मग मागच्या बाकाकडे वळला. "ऊठ, रामदीन."