वेळ, अंतर, आडोसा

तीन बोटं वर करायची आणि एकेक मिटत म्हणायचं, "वेळ, अंतर, आडोसा." ही त्याची सवय. नवख्याला वाटावं, पोट्टा कोणाला तरी दम देऊन राह्यला. आईचा हात तव्यावर पोळला तरी हा ओट्यावरून तीन बोटं दाखवायचा. "माय, आगीपाशी वेळ कमी काढ, दूर राय, नाहीतर मधात काही धर."

आई म्हणे, "दूर राहून भाकर कोण टाकीन रे, तुहा बाप?"

बाप नव्हताच. तो लहान असतानाच गेला होता. तरी दोघं हसायचे. त्या घरात हसण्याला एवढंच कारण पुरत होतं.

तुमच्याही गल्लीत असा एखादा शिकलेला पोरगा असेल, ज्याला सगळे ओळखतात आणि ज्याचं काय चाललं आहे ते कोणालाच कळत नाही. याचं नाव मी सांगत नाही. गावात त्याला नावानं कोणी हाक मारतच नव्हतं. सगळे 'अणुवाला' म्हणायचे. मशिनीच्या बाजूचं इंजिनेरिंग करून तो घरी आला होता आणि अणूपासून वीज करतात त्या कारखान्यात लागायचं, एवढं एकच धरून बसला होता. लेखी परीक्षा पास झाला. तोंडी राहिली होती, मुंबईला. वयाची अट अशी की पुढच्या साली त्याला बसता येणार नव्हतं. घास एकच होता, तोंडात जाईल नाहीतर खाली पडेल.

बोरी अरबच्या बाजाराला पायी जाता येतं एवढ्यावर आमचं गाव. त्या साली कापसाचं बोलणं म्हणजे दुखण्याचं बोलणं झालं होतं. भाव पडलेला, वरून बोंडात अळी. जे बियाणं अळी लागू देत नाही म्हणून घेतलं त्यालाच अळी लागली, मग फवारणी, तिच्यावर फवारणी. कपाशी तर अशी माजली होती की उभा माणूस आत दिसत नव्हता. पाऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, डोक्याच्या वर, आणि औषधाचा फवारा वर मारला की तोच तोंडावर परत यायचा.

मी फवारणीच्या टोळीचा मुकादम. पंप पाठीवर घ्यायचं माझं वय गेलं होतं, म्हणून विहिरीवर बसून पाणी काढायचं, टाक्या भरून द्यायच्या. शाळा माझी चौथीपर्यंत. मास्तरनं हात उगारला, मी पाठ फिरवली, ती अजून फिरवलेलीच आहे. आणि एक गोष्ट मला कधी जमली नाही. 'माहीत नाही' हे माझ्या तोंडातून निघत नाही. वाटसरूनं एखाद्या गावचा रस्ता विचारला आणि ते गाव मी ऐकलंही नसलं, तरी मी हात लांब करून दाखवतो. असाच एक जण दिवसभर फिरून संध्याकाळी परत माझ्याच दारात आला. मी त्याला जेवू घातलं, झोपायला खाट दिली. पण चुकलो म्हटलं नाही.

अशा माणसाकडे तो आला. "जय भीम, आबाजी. एक काम होतं. माहा पॅनल व्हा."

"म्हणजे काय व्हायचं?"

"तिकडं चार-पाच मोठे लोक समोर बसतात. त्यायले पॅनल म्हणतात. तुमचं तोंड तसंच आहे."

"कसं आहे?"

"हलत नाही."

मला राग यायला पाहिजे होता, आला नाही. दुसऱ्या दिवशी मी धुतलेलं धोतर नेसून समाजमंदिराच्या ओसरीत खुर्चीवर जाऊन बसलो. तो समोर उभा. मला काम एकच दिलं होतं. तो जे सांगेल त्यावर 'काहून' विचारायचं. "ते लोकं असंच करतात, आबाजी. एका उत्तराचं कारण विचारतात, मंग कारणाचं कारण. माणूस तळाले लागेपर्यंत."

हे काम मला जमलं. पॅनल व्हायला शाळा लागत नाही.

तो सांगायचा, अणुभट्टी बंद केली तरी तिच्यात पाणी फिरवत ठेवावं लागतं.

"काहून?"

"बंद केल्यावरही ती आतून तापतच राहते."

"काहून?"

"अणू फुटून जे तुकडे झाले ते आतल्या आत उष्णता सोडत राहतात. त्यायले बंद करायचं बटण नाही."

"काहून नाही?"

असं चालायचं. शेजारचे लोक गंमत पाहायला बसायचे. कधी कधी तो थांबायचा, मान खाजवायचा आणि एकदम खूश होऊन म्हणायचा, "माहीत नाही, आबाजी."

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी म्हणालो, "मंग नापास."

"पास! तिथं हेच पाहतात. नाही येत तर नाही येत म्हणा. खोटं सांगणाऱ्या माणसाच्या हाती भट्टी देत नाहीत."

मला ही गोष्ट पटली नाही. अजूनही अर्धीच पटते.

आपल्या आवडीचा विषय तिथं सांगावा लागतो म्हणे. त्यानं निवडला होता किरणांपासून बचाव. ती किरणं दिसत नाहीत, वास नाही, चव नाही, पण अंगात जातात. म्हणून तीन नियम. तिथं थोडाच वेळ थांबा, लांब राहा, मध्ये आडोसा ठेवा. आणि छातीवर एक बिल्ला लावा. कोणाच्या अंगाला किती लागलं ते बिल्ला सांगतो.

हे सांगता सांगता एका दिवशी त्याची नजर माझ्या टोळीच्या पोरांवर गेली. ते नुकतेच वावरातून आले होते, डोळे लाल, ओकाऱ्या काढत. दुसऱ्या दिवशी त्यानं आईच्या जुन्या पांढऱ्या लुगड्याच्या चिंध्या केल्या आणि प्रत्येकाच्या सदऱ्याला पुढून एक, मागून एक टाचली. औषधाच्या टाकीत थोडी कपड्याची नीळ टाकायला लावली. "आता दिसन कोणाले किती लागलं ते."

वावराचा मालक ओरडला, "कपाशीले नीळ देऊन राह्यले का बे? धुऊन वाळत घालता का तिले?"

मलाही त्यानं चिंधी लावायला पाहिलं. मी म्हणालो, "माह्या छातीवर बिल्ला? मी का स्टेशनचा हमाल आहो?"

"नका लावू. तुम्ही पॅनल आहा," तो म्हणाला आणि सुई टोपीत खोचून पुढे गेला.

मग रोज संध्याकाळी तो विहिरीवर यायचा, पोरांना ओळीत उभं करायचा आणि चिंध्या वाचायचा. डॉक्टर नाडी पाहतो तसा. ज्याची चिंधी जास्त निळी त्याला दुसऱ्या दिवशी पंप नाही, त्यानं पाणी भरायचं. पोरं कुरकुर करायची, पण ऐकायची. गजू म्हणून एक शेजारचा पोरगा होता, त्याची चिंधी सगळ्यांत निळी असायची, कारण तो फवारताना वर तोंड करून गाणी म्हणायचा. "गाणं बंद कर," हा म्हणे. गजू म्हणे, "गाणं बंद केलं तर तुमाले कसं समजन मी कुठं आहो?" ते खरंच होतं. त्या उंच कपाशीत माणसाचा ठिकाणा आवाजावरूनच लागायचा.

मुंबईला जायच्या आठवड्यात मी त्याला एक प्रश्न टाकला. माझा स्वतःचा, पुस्तकातला नाही. "तुहे तीन नियम झाले. आता सांग, आत माणूस पडला असन तर?"

तो सावध झाला. खऱ्या पॅनलसमोर उभा राहिल्यासारखा सरळ झाला. "जीव वाचवायचा असन तर आत जाता येते. जास्त लागलं तरी चालते. पण कोणाले ढकलून पाठवायचं नाही. ज्याले धोका पुरा समजला आहे आणि जो आपल्या मनानं तयार आहे, त्यानंच जायचं."

"काहून?"

"ज्याले समजत नाही त्याले पाठवणं म्हणजे फसवणूक आहे."

"पण ज्याले समजते तो कायले जाईन? तो तर बाहेरच राहीन."

त्यानं मान खाजवली. मग हसला. "माहीत नाही, आबाजी."

"पास," मी म्हणालो. तेवढं एकदाच म्हणालो.

त्याच्या आईनं दारव्ह्याहून नवा पांढरा शर्ट आणि पॅन्ट आणली होती. इस्तरी करून, कागदात गुंडाळून, पेटीत वर ठेवली होती. कोणी आलं की ती पेटी उघडून दाखवायची, हात लावू द्यायची नाही.

जायला चार दिवस राहिले होते. दुपारी तो माझी भाकर घेऊन वावरात आला. मी विहिरीवर जेवायला बसलो, तो काठावर. आत पोरं फवारत होती. गजूचं गाणं ऐकू येत होतं. मग गाणं थांबलं. पंपाचा आवाज चालू होता, गाणं नव्हतं.

मी घास खाली ठेवेपर्यंत तो उठून धावला होता.

पाऱ्हाटी हलताना दिसत होती, माणूस दिसत नव्हता. बाहेर आला तेव्हा गजू त्याच्या पाठीवर होता. गजूच्या पाठीवर पंप तसाच, झाकण निघालेलं, आणि औषध गजूच्या मानेवरून याच्या पाठीवर गळत होतं. गजूच्या तोंडाला फेस.

विहिरीवर त्यानं गजूचे कपडे फाडून काढले, साबणानं घासून घासून धुतलं. मी बादल्या ओढत होतो. माझी बंडी आणि धोतर गजूच्या अंगाला गुंडाळलं, मी लंगोटीवर उभा. मी म्हणालो, "तू बी काढ."

"हाव, आधी याले." मग स्वतःवर त्यानं कपड्यांसकट एक बादली ओतली आणि झालं म्हणाला.

आटो मिळाला तो आमच्या वस्तीतूनच गेला. मला कोणीतरी टॉवेल फेकला. त्याची आई दारातून धावत आली, हातात तो कागदात गुंडाळलेला शर्ट आणि पॅन्ट. घरात कोरडं, धड असं तेवढंच असेल. "ओला आहेस रे, हे घाल."

"ते नाही माय. ते मुंबईचं आहे."

आटो निघाला. यवतमाळच्या दवाखान्यापर्यंत त्यानं गजूचं डोकं मांडीवर धरून ठेवलं, त्याचा श्वास पाहत राहिला. तो पुढे वाकला की मला त्याची पाठ दिसायची. सगळी पाठ निळी होती. मी सांगितलं, "लेका, पाठ निळी झाली तुही." "पोचलोच आता," तो म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. तो माझ्यापेक्षा हट्टी निघाला. रोज संध्याकाळी दुसऱ्यांच्या चिंध्या वाचणाऱ्याला स्वतःची पाठ दिसत नव्हती.

दवाखान्यात गजूला उतरवलं आणि हा दारातच बसला. म्हणाला, "आबाजी, उजेड कमी झाला का?" ऊन चांगलं कडक होतं.

त्यालाही भरती केलं. त्या साली तो वॉर्ड आमच्याच फवारणीच्या लोकांनी भरला होता. फवारणीच्या विषावर उतारा म्हणून जे औषध देतात त्यानं माणूस भ्रमात जातो, म्हणून हात पट्टीनं खाटेला बांधतात. ओळीनं खाटा आणि ओळीनं बांधलेले हात. मी आयुष्यात पुष्कळ पाहिलं, पण ते हात मला अजून दिसतात.

मुंबईच्या दिवशी सकाळी मी त्याच्या उशाशी गेलो तर तो बोलत होता. "पॅनल बसलं का?"

आई माझ्याकडे पाहायला लागली. मी स्टूल ओढलं आणि समोर बसलो. "बसलं," मी म्हणालो.

तो शुद्ध पुस्तकी भाषेत सांगायला लागला. नमस्कार, सर. माझा विषय अमुक. भट्टी बंद केली तरी पाणी चालू ठेवलं पाहिजे, सर.

"काहून?"

"ती आतून तापतच राहते."

"काहून?"

त्यानं सगळं सांगितलं. एक शब्द चुकला नाही. बांधलेल्या हाताची तीन बोटं वर झाली, एक मिटलं, दुसरं मिटलं. तिसरं तसंच राहिलं आणि त्याला झोप लागली. माझा तो एक प्रश्न मी विचारला नाही. पॅनलनं काय विचारावं हे पॅनलच्या हातात असतं.

त्यानंतर तो बोलला नाही. दोन दिवसांनी आम्ही त्याला गावी आणलं.

गजू वाचला. अजून फवारणीला जातो, दुसरं काय करणार. चिंधी लावतो. गात नाही. वावरात मी त्याला मधून मधून हाक मारतो, तो 'हो' म्हणतो, तेव्हा मी पुढची बादली ओढतो.

आमच्यात शेवटी पांढरं घालतात. बायांनी नवं कापड आणायचं म्हटलं, तर आईनं पेटी उघडली. कागद काढला. शर्टाची इस्तरी तशीच होती. कोणाला हात लावू दिला नाही, तिनंच घातला. बाह्या सरळ केल्या, खालून एकेक बटण लावत वर आली. गळ्याच्या बटणाशी थांबली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आबाजी, मी त्या दिवशी हाच घेऊन धावली होती ना. काहून नाही घातला त्यानं?"

उत्तर मला येत होतं. सगळी वस्ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"मले माहीत नाही, पोरी," मी म्हणालो.