विहिरीत सोडलेली तार

माझा थोरला भाऊ आजही म्हणतो की त्याने आमची विहीर वाचवली. ऐकलं की माझं डोकं फिरतं.

पन्नासच्या दशकात मी रत्नागिरीच्या घरी लायसन्स काढून हौशी रेडिओ केंद्र चालवायचो. दोन माडांमध्ये एरियल ताणलेली, आणि तिची तार पडवीच्या खिडकीतून सेटपर्यंत आलेली. आश्विनातल्या विजांना ते उघडं दारच. ढग नुसते डोक्यावर आले तरी तारेच्या टोकाशी ठिणग्या तडतडायच्या. ही वीज जमिनीत उतरवावी तर आमचा सगळा कातळ, पहार वीतभरही आत जाईना. म्हणून तांब्याचा पत्रा विहिरीच्या तळाशी सोडला आणि त्याची तार खिडकीबाहेरच्या खटक्याला जोडली. खटक्याचा दांडा खाली ओढला की एरियल सेटपासून सुटून थेट विहिरीला जोडली जायची. मी घरी नसलो तर ढग दिसताच आई दांडा ओढायची. कधी चुकली नाही.

भावाला हे खुपत होतं. "पिण्याच्या पाण्यात वीज सोडतोस काय रे?" वीज पाण्यात साठत नाही, हे मी त्याला दहादा समजावलं. त्याने मान डोलावली, आणि मी देवरूखला गेलो तशी विहिरीकाठची तार कापून टाकली. कुणाला सांगितलंही नाही. एवढी अक्कल पाजळायची होती तर एरियल तरी उतरवायची!

त्या दुपारी ढग आले. आईने दांडा ओढला आणि आता कसली भीती म्हणून त्याच खिडकीखाली तांदूळ निवडत बसली. वीज माडावर पडली, तारेवरून खिडकीपाशी आली आणि पुढे वाटच नाही म्हणून घरात घुसली.

मी परतलो तर सेटचा कोळसा झालेला. सेट गेला खड्ड्यात. आई भिंतीला टेकून बसली होती, कानांतून आलेलं रक्त मानेवर सुकलेलं, आणि माझी हाक तिला ऐकू येत नव्हती. अंगणातला शेजारी माझ्याकडे बघत म्हणाला, "ह्यानंच बोलावलंन विजेला." भावाने तर कापलेली तार नाचवत मलाच सुनावलं, "विहिरीत गेली असती म्हणजे?"

मी ती तार हिसकावली. मला त्याला त्या तारेनेच बडवावंसं वाटत होतं. तिचं कापलेलं टोक आईसमोर धरून मी भावाकडे बोट दाखवलं. तिने माझं बोट धरून स्वतःकडे वळवलं आणि दांडा ओढल्याची खूण केली. आपणच तो नीट ओढला नाही, असं ती धरून बसली. वाचता येत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. शेवटपर्यंत तिची ती समजूत मला काढता आली नाही. थोरल्याने नुसता स्वतःच्या छातीवर हात ठेवला असता तरी तिला कळलं असतं. तो तिच्या शेजारी बसून आल्यागेल्याला विहिरीची गोष्ट सांगत राहिला.