कासवाच्या गळ्यातली माळ

पुंडलिकनगरचं घर सोडून आम्ही खुलताबादकडच्या शेतात राहायला आलो, तेव्हा लेकानं अंगणापलीकडं छोटा स्विमिंग टँक बांधला. कारण माझे गुडघे. डॉक्टर म्हणाले होते, रोज पाण्यात चाला, ऑपरेशन लांबेल. मला तेच हवं होतं. सुरी मला भाजी चिरण्यापुरतीच आवडते.

पण टँकाच्या डोक्यावर कडुनिंब, आणि कडुनिंबाला पानं गाळायला मुहूर्त लागत नाही. गुडघे माझे, आणि जाळी सुनेच्या हातात. ती चितेगावला कंपनीत नोकरी करते. सहा दिवस तिथं राबायचं आणि रविवारी इथं तळ घासायचा. एका रविवारी ती पाण्यातून वर आली, कमरेला हात लावला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आई, पुन्हा हा ब्रश माझ्या हातात आला, तर यात मुरूम भरीन आणि गुलाब लावीन."

ती बोलते ते करते.

मग लेकानं ते मशीन आणलं. बसकं, गोल पाठीचं, बिनवायरीचं. रात्रभर चार्जिंगला लावायचं, सकाळी पाण्यात सोडायचं. तळावर आपलं आपण फिरतं, पानं गिळतं, भिंतीवर चढतं, आणि दमलं की काठाशी येऊन थांबतं. काठीच्या हुकानं वर घ्यायचं, पोटातली जाळी काढून नळाखाली धुवायची, झालं. मी त्याला कासव म्हणते. सुनेनं सांगून टाकलं की याचं सगळं तुमच्याकडं, मला यात ओढायचं नाही.

तरुणपणची मी असते, तर त्या कासवाला दारातूनच परत धाडलं असतं. घरात वॉशिंग मशीन आलं, तेव्हा त्यातून निघालेले कपडे मी पुन्हा दगडावर आपटायची, कारण यंत्राला मळ कुठं दिसतो? वर दोन्ही खर्च, विजेचा आणि साबणाचा. लई शहाणी बाई. आणि पाण्याचं तर विचारूच नका. लग्न होऊन आले तेव्हा विहिरीच्या पहिल्या पायरीखाली कधी पाऊल टाकलं नाही. नणंदा धडाधड उड्या मारायच्या आणि मी वर उभी राहून त्यांच्या लुगड्यांची राखण करायची, जणू खजिनाच होता.

असो. खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी झाडून सगळ्या हत्यारांची पूजा होते. कोयता, खुरपं, लेकाची गाडी, मिक्सर. मग कासवानंच काय पाप केलं? त्यालाही हळदकुंकू लावलं, आणि झेंडूची एक माळ अंगाभोवती गुंडाळून मागं पक्की गाठ मारली. आता सासूबाईंची शिकवण अशी की ही माळ दसऱ्याचं सोनं लुटल्याशिवाय काढायची नाही. त्या गेल्या, पण त्यांचे नियम अजून आमच्या घरात राहतात.

दसऱ्याच्या सकाळी पाहते तर वाऱ्यानं टँकभर पानं. सुनेला सुट्टी, ती उठून बाहेर येणारच. माळ काढवेना आणि पानं बघवेनात. मी कासव माळेसकट सोडलं.

थोडा वेळ ते नवरदेवासारखं मिरवलं. मग पाकळ्या सुटल्या, पाणी पिवळं झालं, दोरा ब्रशात गेला, आणि बरोबर मधोमध लाल दिवा लावून ते बसलं. बसलं ते बसलंच. हुकाची काठी तिथवर पोचेना. वायर नाही म्हणून ज्याचं मी शेजारणींपुढं कौतुक करत होते, त्याला आता ओढायला काहीच नव्हतं. मला डोळ्यांपुढं मुरमाचा ट्रॅक्टर दिसायला लागला.

तशीच पाण्यात उतरले. छातीएवढ्या पाण्यात चालत गेले, नाक धरलं आणि खाली बसले. कान सुन्न. हाताला कासवाच्या पाठीवरची मूठ लागली, ती धरली आणि वर आले. पाण्यात ते घागरीएवढंही जड लागलं नाही. ते ओढत काठाशी आले, तर काठावर सून उभी. मी आधी माळेकडं पाहिलं, मग तिच्याकडं. ती कासवाकडं बघतच नव्हती.

"आई, तुम्ही उकिडव्या बसलात."

"पाण्यात बसले. जमिनीवर नाय जमत अजून."

"पुन्हा बसून दाखवा."

बसले. वर आले तर तिचा चेहरा बदललेला. म्हणाली, "मला वाटायचं, गुडघ्याचं नुसतं निमित्त आहे."

"ऑपरेशन टाळायचं निमित्तच होतं गं," मी म्हटलं, "पण लागू पडलं."

ती हसली, आत जाऊन कात्री घेऊन आली आणि काठावर मांडी घालून ब्रशातला दोरा कापत बसली. कंपनीतही काल पूजा झाली म्हणे, पण तिथं मशीन बंद ठेवतात, माळ घालून कामाला धाडत नाहीत. शेवटी मला राहवेना.

"मग मुरमाचं काय?"

"गुलाब कुंडीत लावू," ती म्हणाली.



कासवाचा दिवा हिरवा झाला आणि ते पुन्हा तळाला गेलं, आपल्याच माळेच्या पाकळ्या खायला. सुनेनं सलवार वर सरकवून पाय पाण्यात सोडले. एवढ्या दिवसांत ती टँकाशी नुसती बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. सोनं लुटून झाल्यावर जाळी धुतली, ती मात्र मीच.