अण्णाची गायन पार्टी आणि अप्पांची हलगी

राजेश्वर गावातली जुनी माणसं अजून सांगतात की अंकुशरावांच्या गायन पार्टीतला बँजो घरी केलेला होता. ते खरं आहे. अंकुशराव म्हणजे माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबायचा आणि आमच्या बिदरकडच्या कल्याणच्या बाजाराला गेला की लोकांनी टाकलेल्या वस्तू पिशवीत भरून आणायचा. मोडक्या टाइपरायटरची बटणं, ब्रेकच्या तारेचे सुटे पदर, कुठल्या तरी दाराची फळी. त्यातून त्यानं तो बँजो उभा केला. माय म्हणायची, "ह्यो बाजारातून मीठ सोडून समदं आणतंय."

माझ्या हातातली खंजिरी चाळणीच्या कड्याची होती, तिला सोडा बाटलीची बुचं ठोकून चपटी करून लावलेली. खांद्यावरचे निळे रुमाल मायनं अप्पांचं जुनं धोतर फाडून घरीच रंगवले होते. घाम आला की रंग उतरायचा आणि कार्यक्रमानंतर आमच्या माना दोन-चार दिवस निळ्या दिसायच्या. गाणी अण्णाच रचायचा. एक कडवं मराठी, एक कानडी, एक हिंदी, म्हणजे उमरग्यापासून गुलबर्ग्यापर्यंत कुणी तोंड पाडून बसायला नको.

पार्टीचा एकच नियम होता. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, आपल्या मनानं जायचं. कुणाच्या हुकमावर वाजवायचं नाही. लग्नाची बोलावणी आली, निवडणुकीत पुढारी आले, अण्णानं सगळ्यांना हात जोडले. लोकांना वाटायचं माणूस गर्विष्ठ आहे. होताच थोडा. पण त्या नियमाचं मूळ आमच्या घरातच होतं.

आमचे अप्पा, भगवानराव, गावची हलगी वाजवायचे. हौस म्हणून नव्हे, तो आमच्या माथी मारलेला मान होता. पाटलाच्या घरी लग्न असो, जत्रा असो, कुणाची मयत असो, हाक आली की ताटावरून उठून जायचं आणि वाजवायचं. बदल्यात शिळी भाकरी. पण हात असा की भालकीपर्यंत नाव होतं. छप्पन साली बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, मागोमाग आमच्या वस्तीनंही घेतली, आणि ठरलं की आता हलगी बंद. सगळ्यांनी आपापल्या हलग्या विहिरीत टाकल्या. अप्पांनी स्वतःच्या हातानं टाकली. गावानं काही दिवस कामाला बोलावणं बंद केलं, तरी अप्पा बधले नाहीत.

अण्णाला तर त्यांनी कधी हलगीला हातच लावू दिला नव्हता. "हाताला सवय लागली की बोलावणं येतंय," म्हणायचे. म्हणून त्या मुलखातल्या नावाजलेल्या वाजवणाऱ्याच्या पोराला ताल येत नव्हता.

आणि पार्टीची दुखरी जागा नेमकी तीच. ढोलकी वाजवायचा व्यंकट. मनानं चांगला माणूस, पण त्याची ढोलकी गाण्याच्या पुढं पळायची, अण्णाचा बँजो मागून धापा टाकत यायचा आणि मधे मी गात राहायचे. अप्पा लिंबाच्या झाडाखाली बसून ऐकायचे. त्यांची बोटं गुडघ्यावर चालू असायची.

सत्तर-एकाहत्तर साल असेल. हुलसूरला जयंतीचा मोठा कार्यक्रम होता आणि आमची तालीम चालली होती. अप्पा घरातून आले ते हातात नवीकोरी हलगी घेऊन. अण्णाच्या भंगारातलं लोखंडी कडं घेतलं होतं, बकरीचं कातडं स्वतः कमावून ताणलं होतं आणि कड्याला निळा रंग दिला होता.

"अंकुश," ते म्हणाले, "ही गावची हलगी न्हाई. मी केलो ही. कुणी बोलावलं न्हाई, मी आपल्या मनानं वाजवायलाव. हुलसुरात एक गाणं दे मला."

आणि त्यांनी वाजवून दाखवली. ते गाणं मी शंभरदा गायले असेन, पण ते कसं गायचं असतं हे मला तेव्हा कळलं. व्यंकटनं ढोलकी बाजूला ठेवली आणि नुसत्या टाळ्या देत बसला. अण्णाचे डोळे भरलेले मी पाहिले. म्हणून तर माझा त्याच्यावरचा राग अजून जात नाही.

गाणं संपलं तसं अण्णा म्हणाला, "अप्पा, हुलसूरला समद्या गावची माणसं येत्यात. तुमच्या हातात हलगी बघितली की म्हणतील, धर्म बदलला पर काम तेच हाय."

अप्पांनी हलगी खाली ठेवली. "बराबर हाय तुझं," म्हणाले.

मला राहवलं नाही. "अण्णा, ज्यानं इहिरीत टाकली त्यालाच तू शिकवायलास कामून?"

"तू तुझं गाणं बघ," तो म्हणाला.

अप्पांनी दुसऱ्या दिवशी कातडं सोडवलं आणि कडं परत भंगारात ठेवलं. पुन्हा तालमीला आले नाहीत. कार्यक्रमांना यायचे, शेवटच्या रांगेत बसायचे. अण्णा मला म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू. लोकं जरा इसरू दे." मग पार्टीचं नाव झालं, हुमनाबाद झालं, बिदर झालं, माझं लग्न होऊन मी हुलसुरात नांदायला आले, आणि पुढचं वर्ष पुढंच राहिलं. अप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली.

त्यानंतर गुलबर्ग्याला एक मोठा मेळावा झाला. मीही गायला गेले होते. आमच्या आधी आळंदकडची एक पार्टी होती, आपलीच माणसं, कानडी बोलणारी. ते हलग्या घेऊन मंचावर चढले, गळ्यात निळे रुमाल. मी अण्णाकडं पाहिलं, तो लोकांकडं पाहत होता. कुणी हसलं नाही. माणसं उठून उभी राहिली, बायकासुद्धा.

नंतर अण्णानं त्यांच्यातल्या एका वयस्कर माणसाला कानडीत विचारलं, तुमच्या वस्तीनं हलगी सोडली नव्हती का? तो म्हणाला, सोडली होती की, सगळ्या जाळल्या होत्या. मग आम्ही नव्या केल्या. आता आम्हाला कोण बोलावतंय? आम्ही आपल्या मनानं जातो. हे बोलणं अण्णानं आधी ऐकलेलं होतं, आणि कुणाकडून ते मला सांगायची गरज नव्हती.

त्यानं त्यांच्याकडून एक हलगी मागून घेतली. आम्ही दोघं पहिल्या बसनं राजेश्वरला आलो. अप्पा बाजेवर पडून होते. अण्णानं हलगी त्यांच्यापुढं ठेवली. "माझं चुकलं, अप्पा. आता तुम्ही वाजवा."

अप्पांनी डाव्या हातानं कातडं चाचपलं. "चांगली हाय," म्हणाले. उजव्या हातात अण्णानं वाजवायची काडी दिली, ती घसरून पडली. त्यानं पुन्हा दिली, पुन्हा पडली. मी म्हटलं, पुरे कर आता.

"मग मला तर शिकवा," अण्णा म्हणाला. "नुसतं तोंडानं सांगा. मी वाजवतो."

अप्पांनी मान हलवली. तोंडानं ताल सांगू लागले. चार बोल झाले आणि थांबले. परत पहिल्यापासून लागले, परत तिथंच थांबले. अण्णा काडी उगारून बसलेला. अप्पांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली, मधेच सोडली आणि छातीवर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडं बघितलं.

"ह्याला ठावं होतं रं," ते म्हणाले. "मला कुठं येत होतं."