नातीची प्रयोगशाळा बघायला मिरजेपर्यंत

सगळ्यात आधी उगवली ती शेजारची हौसाक्का. डोक्यावरची शेणाची पाटीसुद्धा उतरवली नाही. "वैनी, फाट्यावर दोन बाया उतरल्यात येष्टीतनं. एक चष्म्याची, एक पंजाबी ड्रेसची. संगं गडीमाणूस न्हाई, आन् घर तुमचंच इचारत्यात."

लग्नाची नात घरात असली की असल्या बातमीचा अर्थ एकच. मी पोहे भिजवले, माधुरीला साडी नेसायला लावली. पण शंका आलीच. बघायला यायचं तर आधी निरोप येतो, चार पुरुषमाणसं येतात. नुसत्या बायका कशा? "पोरात काय तरी खोट आसंल," हौसाक्का कुजबुजली. मला ते पटलंच.

बाया आल्या, पोहे खाल्ले, पाणी प्याल्या. मी विचारलं, "मुलगा काय करतो?"

चष्म्याची म्हणाली, "कोणता मुलगा, आजी? आम्ही माधुरीसाठी आलोय."

"ते कळलं. पण द्यायची कुणाला?"

आत माधुरी तोंडाला पदर लावून हसत होती. मग बाहेर येऊन तिनंच सांगितलं. चष्म्याच्या त्या वसुधा मॅडम, मिरजेच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाई. दुसरी शबाना, तीन वर्षं त्यांच्या हाताखाली संशोधन करते. हळदीचा कंद जमिनीत कुजतो, तो का कुजतो ते शोधायचं त्यांचं काम. माधुरीनं कऱ्हाडला एम.एस्सी. केली, तिला तिथं पाच वर्षांच्या संशोधनाला घेतलंय. पत्र येऊन महिना झाला होता आणि आमच्या पोरीनं ते ट्रंकेत साड्यांच्या घडीखाली दडवलं होतं. घरचे पाठवणार नाहीत म्हणून उत्तरच दिलं नाही, तेव्हा मॅडमच विचारायला आल्या. महिनाअखेरपर्यंत होकार कळवला नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार.

तिचा बाप मिलिटरीत, लांब सरहद्दीवर. त्याला कळवलं, तर उत्तर आलं एका ओळीचं: आई म्हणेल ते.

म्हणजे सगळं माझ्यावर. मी चौथी शिकलेली, त्यातसुद्धा दोन वर्षं एकाच वर्गात. मी म्हटलं, पोरगी कुठंही द्यायची झाली तर आधी घर बघायचं. हे घर मिरजेत असलं तर मिरजेत जाऊन बघायचं.

आता माझा संशयी स्वभाव कुठनं आला ते सांगते. माझ्या लग्नाआधी वडील सासरचं घर बघायला आले, तेव्हा परसातली विहीर दाखवली होती. लग्न झाल्यावर कळलं, विहीर शेजाऱ्यांची. पुढं अकरा वर्षं मी ओढ्यावरनं पाणी आणलं. तेव्हापासनं मला कुणी काही दाखवलं की मी त्याच्या मागं काय आहे ते आधी बघते.

तर निघालो तिघी. मी, माधुरी, आणि हौसाक्का, कारण घर बघताना दुसऱ्याचे डोळे लागतात. सकाळची पाटण गाडी, पाटणहून कऱ्हाड. कोयनेच्या कडेकडेनं रस्ता, वळणं लय, ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढं बसावं. आम्ही मागं बसलो आणि हौसाक्कानं ते भोगलं. कऱ्हाडचं रेल्वे स्टेशन गावात नाही, लांब ओगलेवाडीला आहे. स्टँडवर उतरून आणखी एक गाडी करावी लागते, म्हणून तासभर हातात ठेवून निघा. मिरजेची पॅसेंजर मिळाली. दोन्ही बाजूंना नुसता ऊस. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी घरनं नेली होती. समोरच्या बाईनं सांगलीचं भडंग दिलं, तिखट पण चांगलं. तिनं विचारलं, "दवाखान्यात निघालासा?"

मिरजेला जाणारा प्रत्येक माणूस आजारी असतो असं लोकांना वाटतं. हौसाक्का म्हणाली, "न्हाई, हिच्या नातीचं घर बगाय."

"पोरगा डाक्टर हाय व्हय?"

"पोरगाच न्हाई," हौसाक्का म्हणाली. त्या बाईनं भडंगाचा पुडा परत घेतला.

मिरजेत एका गल्लीत सतारीसाठी वाळवलेले भोपळे टांगलेले दिसले, घागरीएवढे. ते बघत बसायला मन झालं, पण काम आधी.

प्रयोगशाळा म्हणजे दुमजली इमारत, बाहेरून शाळेसारखी. वसुधा मॅडम दारात उभ्या होत्या. हसून बोलल्या. मला ते हसणं पहिल्यांदा बरं वाटलं नाही, घर दाखवणारे सगळेच हसतात. त्या म्हणाल्या, "आजी, आधी चहा घ्या."

मी म्हटलं, "चहा मागनं. आधी मागचं दार दावा."

सगळं बघितलं. मागचं दार, पिण्याचं पाणी, बायकांचा संडास. कडी तुटकी, सुतळीनं बांधलेली. शबानानं मला बारीक गोष्ट मोठी दाखवणाऱ्या दुर्बिणीतून हळदीची बुरशी दाखवली. मला माझ्याच पापणीचे केस दिसले. "दिसली का आजी?" "दिसली," मी म्हटलं, पण मनात म्हटलं, हे कसलं काम, जे दिसत नाही त्यासाठी पोरीनं पाच वर्षं घालवायची?

घर बघायला गेलं की घरच्यांना विचारून उपयोग नसतो, भांडी घासणारीला विचारायचं. मागं नळावर एक बाई काचेच्या बाटल्या धूत होती, शालन नावाची. हौसाक्का तिच्याजवळ जाऊन बसली, मी उभी राहिले.

"बाई कशा हायत गं?"

"कडक हायत. बाटलीला डाग राहिला तर परत धुवाय लावत्यात."

"पोरींना?"

"पोरींनाबी. पन सांजच्याला शेवटची पोरगी गेल्याबिगर बाई कुलूप लावत न्हाईत. पावसाचं स्वता स्टँडवर सोडून आल्यात."

हे बरं वाटलं. पण शालनला त्यांनीच शिकवून ठेवलं नसेल कशावरून? मी आत गेले आणि मॅडमना सरळ विचारलं, "हितं आलेल्या पोरींचं पुढं काय होतं? सगळ्यांचं सांगा."

मॅडमनी चष्मा काढला. "शबाना आहे. माधुरीच्या आधी आणखी दोघी होत्या. एकीचं लग्न झालं, सासरच्यांनी परत पाठवली नाही. दुसरीचं दोन वर्षांचं काम फसलं, फार रडली, आता शाळेत शिकवते. माधुरीचंही फसू शकतं. आणि संडासाची कडी मी चारदा लिहून दिली आहे, अजून बसवलेली नाही."

शबाना खाली बघायला लागली. माधुरीचं तोंड उतरलं. तिला वाटलं, झालं, आजी उठणार.

मी विचारलं, "त्या दुसरीचं फसलेलं काम टाकून दिलं?"

मॅडमनी कपाट उघडलं. आत वह्यांची चळत होती. प्रत्येकीवर त्या मुलीचं नाव. "फसलं म्हणजे कुठल्या वाटेनं जायचं नाही ते कळलं. माधुरी इथून पुढं सुरू करेल. छापून येईल तेव्हा त्या मुलीचंही नाव येईल."

मी वही हातात घेतली. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण एका पानावर मोठी फुली मारून खाली नीट सही केलेली कळत होती. इतकी घरं बघितली मी, माझ्या बहिणींची, नणंदांची, हौसाक्काच्या पोरींची. स्वतःच्या घरातली तुटकी कडी आपणहून सांगणारं माणूस मला तिथं पहिल्यांदा भेटलं.

तरी उत्तर तिथं दिलं नाही. त्या घरात बसून हो म्हणायचं नसतं. चहा घेतला, घरी कळवतो म्हटलं आणि निघालो. येताना गाडीत माधुरी सारखी माझ्या तोंडाकडं बघत होती. कऱ्हाड आल्यावर हौसाक्काच म्हणाली, "वैनी, पोरीला किती टांगून ठेवताय, बोला की."

मी म्हटलं, "जा म्हणते. पन कडीचं मी सोडनार न्हाई."

माधुरी कऱ्हाड स्टँडवर सगळ्यांच्या देखत रडली. मग खिडकीशी बसून पाटणपर्यंत बोलतच राहिली, कंद, बुरशी, आणखी काय काय. मला निम्मं कळलं नाही, पण एवढी बोलताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. हौसाक्काला या खेपेला गाडी लागली नाही.

आता घरी आल्यावर विचार करते. मी अजून पुरता विश्वास ठेवलेला नाही, ठेवणारही नाही. दर दोन महिन्यांनी मिरजेला जाणार आहे. तुमच्या घरातली पोरगी असलं काही म्हणत असेल, तर नको म्हणायच्या आधी एकदा जाऊन बघा. धुणारीला विचारा, आणि आधीच्या पोरींचं काय झालं ते विचारा. खरं सांगितलं तर पाठवा.

काल पाटणला जाऊन एसटीडी बूथवरून मॅडमना होकार कळवला. वर सांगितलं की आमच्यात बैठक झाल्याशिवाय आणि सुपारी फोडल्याशिवाय पक्कं होत नाही, आणि त्याला पाहुण्यांनी आमच्या दारात यायचं असतं. त्या हसल्या, कुणाला तरी कॅलेंडर बघायला सांगितलं. त्या आणि शबाना येत्या गुरुवारी येतो म्हणाल्या, दुपारच्या गाडीनं.